बुधवारच्या विटा

बोरसवडे, ९ जानेवारी २०२४

संयोगिता,

सगळं बदललं ते चार शब्दांनी. “या विटा कुठून येणार?” एप्रिलमधली ज्युरी, आर्किटेक्चरचं चौथं वर्ष, दुपारचे बारा, माझ्या मॉडेलसमोर घाटगे सर. तू शेजारच्या टेबलाला टेकून उभी, बोटांवर फेव्हिकॉलचे पापुद्रे. मिरजेच्या कृष्णाघाटावर तंबोरे करणाऱ्यांसाठी मी एक मोठं घर आखलं होतं, भिंती सगळ्या उघड्या विटांच्या. उन्हं कलली की आतले वाळत टाकलेले भोपळे आणि बाहेरच्या भिंती एकाच रंगाच्या होतील, असलं काहीतरी मी सांगत होतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते चार शब्द विचारले. मी म्हणालो, “दुकानातून, सर.” वर्ग हसला. तूही हसलीस.

पुढं मॉडेल पडलं, मी बाहेर पडलो आणि कॉलेज सुटलं. तेवढंच.

तू माझा नंबर अडवून ठेवलायस, म्हणून कागदावर लिहितोय. पत्ता वर्गाच्या जुन्या यादीतला आहे, पोचलं तर पोचलं. सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायचा हक्क राहिला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. नुसतं नाव लिहायलाही पाच मिनिटं लागली.

आठ महिने घरी काढले. पहिले चार महिने कुणाशी धड बोललो नाही. नोव्हेंबरात चुलत्यांबरोबर नदीकडच्या रानात गेलो. चुलते म्हणजे नानासो, त्यांना घरात सगळे नाना म्हणतात, शेती तेच बघतात. लहानपणी त्या रानात उभं राहिलं की कृष्णा दिसायची. आता दिसेना. मला वाटलं नदीच सरकली. मग ध्यानात आलं, रानच बांधापेक्षा कमरेएवढं खाली गेलंय. नानांना विचारलं तर म्हणाले, “रान उंच हुतं, पाटाचं पाणी चढत न्हवतं. माती भट्टीला दिली, रान खाली आलं, पाणी आपसूक आलं. काय वंगाळ केलं का?”

बांधाच्या पलीकडं भट्टी धुमसत होती. आमचं रान तिथं विटा होऊन थप्पीला लागलं होतं. प्रत्येक विटेच्या पोटात ‘बो’ उमटवलेलं, बोरसवड्याचं पहिलं अक्षर. मी एका थप्पीवर हात ठेवला. ती गरम होती, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी.

दुसऱ्या दिवशी एक वीट टॉवेलात गुंडाळली, एसटीनं सांगलीला गेलो आणि विश्रामबागेत सरांच्या घरी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणालो, “सर, इथून.”

सात महिने उशिरानं आलेलं उत्तर. स्वयंपाकघराच्या दारात सरांनी ताणकाटा टांगलाय, त्याच्या पिशवीत त्यांनी वीट ठेवली. तीन किलो शंभर ग्रॅम. वहीत लिहिलं आणि मला म्हणाले, “हात धू. जेवायला बस.”

त्या काट्याची गोष्ट सरांच्या बायकोनं, राजेश्वरी काकूंनी, जेवताना सांगितली. सरांनी वर्षभर घरात येणारं सगळं तोललं. दूध, भाजी, गॅसची टाकी, वर्तमानपत्रं. आणि घराबाहेर जाणारंही, केराच्या डब्यासकट. “माझ्या भावानं आणलेले पेढेसुद्धा आधी काट्याला, मग ताटात,” काकू म्हणाल्या. “तेव्हापासून पाहुण्यांचा त्रास नाही.” सर मान खाली घालून हसत होते. ज्युरीतले सर आणि हे सर एकच का, असं मला झालं.

आता खरं सांगायचं ते. सर सगळ्या सांगलीलाच काट्याला लावणार आहेत. शहरात रोज काय येतं, किती येतं, आत गेल्यावर त्याचं काय होतं आणि शेवटी ते कुठं जातं, हे त्यांचं संशोधन. शहरात शिरायच्या सहा वाटांवर सहा माणसं, पंधरा जानेवारीपासून सलग सात दिवस, पहाटे सहा ते संध्याकाळी आठ. बायपासच्या पुलाची वाट माझ्याकडं. विटांच्या ट्रॉल्या बहुतेक तिथूनच येतात. हे काम नीट केलं तर जूनमध्ये मला परत घ्या, असं पत्र ते प्राचार्यांना देणार आहेत. दिलंच आहे म्हणा. मला दाखवून पाकिटात घातलं.

आणि मग चष्मा पुसत म्हणाले, “नकाशा संयोगिता काढतेय. साताऱ्यात ट्रेनिंगला आहे ना ती, तिथूनच.”

चष्मा पुसताना माणसाला समोरचं दिसत नाही. सरांना मात्र माझं तोंड नक्की दिसलं असणार.

वीरधवल


सांगली, २० जानेवारी २०२४

संयोगिता,

उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना पत्र लिहायला एक वेगळीच मोकळीक असते. नदीत दिवा सोडल्यासारखं. तो पुढं कुठं लागतो ते कुणी बघायला जात नाही.

पुलावर सहा वाजता धुकं इतकं असतं, की आधी आवाज येतो, मग दोन पिवळे डोळे, मग ट्रॅक्टर. उसाचा असेल तर त्याआधी वास येतो. विटांच्या ट्रॉलीला वास नसतो, पण तिचा आवाज जड असतो, पोट भरलेल्या माणसासारखा. आता मी डोळे मिटून सांगू शकतो. मेथीचे टेम्पो सर्वांत घाईत. दुधाच्या गाड्या वेळेच्या पक्क्या. कडब्याची गाडी आली की वाटतं एखादं छप्पर घर सोडून फिरायला निघालंय. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असं पान भरत जातं. परवा एक ड्रायव्हर थांबला आणि म्हणाला, “काय दादा, सकाळपासनं आमाला नजर लावताय.” मी सांगितलं, शहर किती खातं ते मोजतोय. तो म्हणाला, “माझी बायको बी असंच मोजती, गड्या,” आणि गेला.

विटांचे आकडे तुला सरांकडून मिळतीलच. सोमवार सदतीस, मंगळवार एकावन्न, बुधवार चाळीस, गुरुवार एकोणतीस, शुक्रवार चव्वेचाळीस. तपकिरी रंग तू कुठला धरलायस? फार लाल करू नकोस. आमच्याकडची वीट जरा करडी असते, भाजलेल्या भाकरीच्या काठासारखी.

संध्याकाळी वही द्यायला सरांकडं जातो. काल ते गच्चीत बसले होते, खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. मी विचारलं, तुम्ही तर बंगले बांधणारे, यात कसे आलात? त्यांनी कोयनानगरापासून सुरुवात केली. त्यांचे वडील वीजघरात होते, कॉलनीतच सगळं बालपण. भूकंप तिथं पाहुण्यासारखे यायचे. फळीवरची भांडी वाजली की पोरं ताट घेऊन अंगणात यायची आणि तिथंच पुढं जेवायची. एकदा त्यांनी वडिलांना विचारलं, धरणातली नदी जाते कुठं? वडील म्हणाले, थोडी कऱ्हाडला जाते, आणि बाकीची डोंगरात शिरते आणि उजेड होऊन पलीकडं निघते. सर म्हणाले, “मी सात वर्षांचा होतो. दिवा लागला की मला भिंतीवर पाणी दिसायचं.”

मग शिकले, सांगलीला आले आणि ते विसरले. बावीस वर्षं बंगले बांधले. एकोणीसचा महापूर ओसरल्यावर स्वतः बांधलेलं एक घर बघायला गेले. पायरीवर घरमालकाची म्हातारी आई बसली होती. पुढ्यात चिखलानं जड झालेल्या गाद्या, कपाट, पुस्तकांचा लगदा. ती म्हणाली, “घाटगे, माझ्या घरात सगळं आत यायच्या वाटा झकास केल्यास बाबा. आता हे सगळं जायाचं कुठं?”

तेवढ्यात महापालिकेचा ट्रॅक्टर आला, ते सगळं त्यात भरलं, आणि सर स्कूटर काढून त्याच्या मागं निघाले. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गावाबाहेर एका खड्ड्यात ट्रॅक्टरनं ते सगळं ओतलं. तिथल्या एका गुराख्याला त्यांनी विचारलं, हा खड्डा कसला? तो म्हणाला, विटांच्या मातीचा, जुना हाय. सरांनी भट्टीचं नाव विचारलं. त्याच भट्टीच्या विटा त्यांनी त्या घराला घातल्या होत्या. ज्या खड्ड्यातनं घर निघालं होतं, त्याच खड्ड्यात ते परत चाललं होतं. सर म्हणाले, मी अंधार पडेस्तोवर तिथं उभा राहिलो, आणि वर्षाच्या आत ऑफिस बंद केलं.

“शहर म्हणजे इमारती नव्हेत, वीरधवल,” खाली बघत ते म्हणाले. “इमारती म्हणजे थांबलेली वाहतूक.”

मी खाली बघितलं तर खरंच, दिव्यांच्या उजेडात समोरची घरं नुसती थोडा वेळ थांबल्यासारखी वाटली. कुणी हाक मारली तर निघतील अशी.

सरांनी आजपर्यंतच्या आकड्यांवरून एक वाक्य काढलंय. चोवीस फेब्रुवारीला सभागृहात नकाशा मांडायचाय, महापालिकेचे लोक, बांधकामवाले, कऱ्हाडच्या इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, सगळे येणार आहेत. ते वाक्य सगळ्यांत आधी म्हणणार: ‘शहराच्या भुकेला सुट्टी नसते.’ मला दोनदा म्हणून दाखवलं. खूश आहेत.

तुमच्या घरावर दुसरा मजला चढतोय म्हणे. आणि केस कापलेस ते बरं केलंस, मान मोकळी दिसते. सर म्हणाले.

वीरधवल


बोरसवडे, ५ फेब्रुवारी २०२४

संयोगिता,

मागचं पत्र तू फाडलं नसशील तर त्यातली शेवटची ओळ तुला खटकली असेल. सर असं कधी म्हणणार नाहीत. सरांना काकूंनी केस कापलेले तीन दिवस कळत नाही.

काल रविवार, घरी आलो होतो. जेवताना नानांना मोठ्या तोऱ्यात सांगत होतो की आपल्या गावच्या विटा मी मोजल्या, रोज किती गेल्या, बोला. वारासकट आकडे म्हणून दाखवले. नानांचा घास हातातच राहिला.

“बुधवारी किती म्हनालास?”

“चाळीस.”

“बुधवारी कुठली वीट रं? बुधवारी बाजार असतोय न्हवं.” आणि आईकडं वळून हसले, “वहिनी, पोरगं पार शेरातलं झालं बगा. आवं, बुधवारी भट्टीवर काळं कुत्रं नसतंय.”

संयोगिता, मी या मातीत वाढलोय. बुधवारी पंचक्रोशीतल्या सगळ्या भट्ट्यांवरची माणसं बाजाराला जातात. बाया डोकी धुतात, पोरं शेव खातात, थप्पीला कुणी हात लावत नाही. ट्रॅक्टरवाले यायचेच नाहीत, भरणार कोण? लहानपणी बुधवारी आम्ही थप्प्यांवर चढून खेळायचो, कारण त्या दिवशी हाकलायला कुणी नसायचं. आणि हे मीच विसरलो. आकडा बनवायला बसलो तेव्हा मी बोरसवड्याचा नव्हतोच, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाचा होतो. सोमवार-मंगळवारचे आकडे बघून मधला एक काढला आणि लिहून टाकला.

कारण त्या बुधवारी मी पुलावर नव्हतो. साताऱ्यात होतो.

सकाळच्या पहिल्या एसटीनं आलो. तुझ्या घरासमोर रस्त्यापलीकडं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या बाकड्यावर अडीच तास बसलो. दुकानदारानं दोनदा विचारलं, गाडी कुठाय? मी म्हणालो, येतेय. तू साडेनऊला बाहेर आलीस. केस कापलेले. खांद्यावर नकाशाची नळी. माझ्याकडं बघितलं नाहीस, बघितलं असतंस तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. स्कूटी चालू होईना, तू तिला दोन लाथा घातल्यास, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. जगात आणखी कुणीतरी रागीट आहे.

तू गेल्यावर मी रस्ता ओलांडला. फाटकाशी विटांचा ढीग होता, दुसऱ्या मजल्याचा. सहज एक उचलली. पोटात ‘बो’.

नंतर किती वेळ तिथं उभा होतो आठवत नाही. डोकं हलकं झालं होतं, उपाशी होतो तेही असेल. आमचं नदीकडचं रान तुझ्या घरावर चढत होतं. ज्या मातीत मी चालायला शिकलो तिची भिंत होणार, आणि आत तू दिवा लावून बसणार. परतीच्या एसटीत झोप लागली. स्वप्नात सांगलीतल्या, साताऱ्यातल्या सगळ्या विटा भिंतींमधून हळूच निघून ओळीनं रस्त्याला लागल्या होत्या, मेंढरं घरी जातात तशा. पूल ओलांडून, धुक्यातून, ज्या त्या आपल्या रानाकडं. मी पुलावर उभा राहून मोजत होतो. तुझ्या घरातली एक वीट माझ्यापाशी थांबली आणि मला वाट विचारू लागली.

संध्याकाळी सांगलीत उतरलो, वही काढली आणि लिहिलं, चाळीस.

आता सरांचं सगळं वाक्य त्या चाळीसवर उभं आहे. बुधवार शून्य धरला तर शहराच्या भुकेला सुट्टी असते. आठवड्यातून एकदा, भट्टीवरच्या बाया न्हातात म्हणून. हे सरांच्या वाक्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे आणि ते मी त्यांच्याकडून चोरलंय.

सांगितलं तर प्राचार्यांना दिलेलं पत्र जाणार, जून जाणार, कॉलेज जाणार. आणि हे पत्र न वाचता फाडलंस तरी तुला कळणार. नाही सांगितलं तर सर भर सभागृहात खोटं बोलतील, आणि ऐकणाऱ्यांत बोरसवड्याच्या बाजूचा एक जरी असला तरी हसेल. मी हसण्यावरून काय करतो ते तुला ठाऊक आहे. सर काय करतील?

काल ठरवलं, सांगायचं नाही. कुणी मरत नाही एका बुधवारानं. मग आज हे लिहायला घेतलं, आणि ‘मॉडेल पडलं’ असं मी पहिल्या पत्रात लिहिलंय ते आठवलं. मॉडेल पडलं नव्हतं, संयोगिता. मी लाथ मारली. आणि माझं मॉडेल उडून तुझ्या मॉडेलवर आदळलं. चौदा दिवस जागून केलेलं तुझं काम, त्याचा जिना माझ्या पायाखाली आला, आणि तू वाकून तुकडे गोळा करत असताना मी म्हणालो, “तुझ्या बापाचा बंगला आहे, तुला काय फरक पडतो.” हसण्याचा राग नव्हता तो. तू हसलीस तेव्हा तू किती छान दिसलीस, त्याचा राग होता.

म्हणजे खोटं लिहायची माझी ही पहिली वेळ नव्हे. आधी मॉडेल, मग बुधवार.

वीरधवल


सांगली, २३ फेब्रुवारी २०२४

संयोगिता,

उद्या नकाशा मांडायचाय. आज सांगितलं. अठरा दिवस लागले.

दुपारी गेलो. सर जेवणाच्या टेबलाशी भाषणाचे कागद लावत होते, काकू शेजारी मटार सोलत होत्या. मी उभ्यानंच म्हणालो, “सर, बुधवारचे चाळीस खोटे आहेत. मी जागेवर नव्हतो.”

सरांनी कागद खाली ठेवले. “कुठं होतास?”

“साताऱ्यात.”

काकूंचे हात थांबले. “भेटली का?”

“नाही.”

“मग गेलास कशाला, एसटी मोजायला?”

सरांनी काकूंकडं बघितलं तशा त्या पुन्हा मटाराला लागल्या, पण उठून गेल्या नाहीत. मी बाजाराचं सांगितलं, नाना हसले ते सांगितलं, पंक्चरच्या दुकानाचं सांगितलं. ‘बो’ ची वीट तुझ्या फाटकाशी सापडली तेही. विटा सांगलीत सगळ्या थांबत नाहीत, काही पुढं साताऱ्याला जातात, हे त्या दिवसातलं एकच खरं.

सर ओरडतील असं वाटलं होतं. मला ते सोपं गेलं असतं, मीही ओरडलो असतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला.

“खोटा आकडा दिलास ते मी विसरेन,” ते म्हणाले. “पोरं देतात. पण त्यावर मी वाक्य बांधलं, आणि ते मला आवडलं. बावीस वर्षं मी आवडलेल्या गोष्टी बांधल्या, खाली काय आहे ते न विचारता. आता पुन्हा तेच करणार होतो. ते कसं विसरू?”

मला वाटलं जमीन थोडी हलली. कोयनेच्या माणसासमोर असं लिहू नये, पण हलली.

मग त्यांनी नळीतून नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. मी तो पहिल्यांदा बघत होतो. संयोगिता, तू हे काय केलंयस. सांगलीत एकही इमारत काढली नाहीस. नुसते पट्टे. दुधाचा पांढरा, भाजीचा हिरवा, पाण्याचा निळा, आत शिरून पसरणारे, आणि दुसऱ्या बाजूनं राखाडी होऊन निघणारे. शहराच्या जागी जणू कुणीतरी झोपलेलं होतं आणि त्याचा श्वास तू काढला होतास. विटांचा पट्टा मी सांगितला तसाच, करडा. सात दिवसांच्या सात पट्ट्या एकमेकींना लागून.

बुधवारची पट्टी तू रंगवलीच नव्हतीस. तिच्याशेजारी पेन्सिलीनं, तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात: ‘बाकीचे सगळे आकडे वेडेवाकडे, हा एकच गुळगुळीत. वीरधवलला विचारा.’

सर म्हणाले, दहा दिवसांपूर्वी आलाय नकाशा. मी विचारलं नाही. तू सांगतोस का ते बघत होतो.

दहा दिवस सरांना ठाऊक होतं. त्याच्या आधीपासून तुला. आणि मी पुलावरच्या धुक्यात लपल्यासारखा फिरत होतो. पण तुला सांगू, त्या क्षणी मला लाज नंतर वाटली. आधी एवढंच दिसलं की दहा महिन्यांनी तू माझं नाव लिहिलंयस.

प्राचार्यांना दिलेलं पत्र सर परत मागवणार आहेत. “पुढं काय ते मी आत्ता सांगणार नाही,” म्हणाले. “आधी माझा बुधवार आणून दे. नुसता बुधवार नको, सगळा आठवडा. पहिल्यापासून.”

निघताना काकूंनी वाटीभर मटार रुमालात बांधून दिले. न तोलता.

वीरधवल


सांगली, २८ फेब्रुवारी २०२४, बुधवार

संयोगिता,

शनिवारी तू तिसऱ्या ओळीत होतीस, मी मागं दाराशी उभा. सरांनी ते आवडतं वाक्य म्हटलं नाही. नकाशा गुंडाळून गुंडाळून वळला होता, कोपरा सारखा वर यायचा, म्हणून त्यांनी माझी ‘बो’ ची वीट त्यावर ठेवली. एका बांधकामवाल्यानं विचारलंच, मधली एक पट्टी कोरी का? सर म्हणाले, “त्या दिवशी आमचा माणूस जागेवर नव्हता. काय येतं ते आम्हाला ठाऊक नाही. ऐकीव आहे, पण ऐकीव आम्ही रंगवत नाही.” नाव घेतलं नाही. तरी माझे कान असे तापले की भट्टीच.

लोक उठले, खुर्च्या वाजल्या. मी जिन्यात भिंतीला लागून उभा राहिलो. तू खाली येत होतीस, हातात रिकामी नळी. वाटलं तशीच जाशील. गेलीसच. पण दोन पायऱ्या खाली उतरून, मागं न वळता म्हणालीस, “चाळीस? निदान एकेचाळीस तरी लिहायचंस.”

ते हसणं होतं की राग, तुझी पाठ बघून कळलं नाही. आवाज मात्र ज्युरीतल्या हसण्यातलाच होता. या वेळी मी कशाला लाथ मारली नाही. जिना उतरून खाली आलो तेव्हा तू गेली होतीस, आणि सभागृहाच्या पायऱ्या मला तुझ्या मोडलेल्या जिन्यासारख्या दिसल्या. तो मी परत करून देऊ शकत नाही. करून दिला तरी तो तुझा नसेल.

सोमवारपासून पुन्हा पुलावर उभा आहे. परवा तेहतीस, काल सत्तावन्न. बाजाराच्या आदल्या दिवशी भट्टीवाले जास्त माल काढतात, हे जानेवारीतही दिसत होतं, मंगळवारचे एकावन्न मीच लिहिले होते आणि त्याचा अर्थ मलाच कळला नव्हता. उद्या गुरुवारी उशिरा सुरू होतील, बहुतेक. बहुतेक हा शब्द आता वहीत लिहीत नाही.

सांगलीवाडीत एक खोली घेतलीय, पुलापासून चालत दहा मिनिटं. कॉट, एक खुर्ची, खिडकीत नदीची कड. जूनचं काय होईल सरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काल वही द्यायला गेलो तेव्हा गंमत म्हणून तुला लिहिलेली चारी पत्रं, म्हणजे त्यांचे माझ्याजवळ राहिलेले कच्चे कागद, सरांच्या काट्याला अडकवले. काटा हलला नाही. काकू म्हणाल्या, तो जड मालाचा आहे बाळा, असल्याला सोनाराचा लागतो.

साडेपाच झालेत. बाहेर धुकं आहे, पूल दिसत नाही, नुसता त्याच्यावरून कुणीतरी सायकल नेतंय त्याचा आवाज. आज दूध येईल, मेथी येईल, ऊस बाहेरच्या बाहेर कारखान्याकडं वळेल. वीट येणार नाही. या वेळी बोरसवड्यात बाया चुलीवर पाणी तापवत असतील, थप्प्या नुसत्या उभ्या असतील, त्यांच्यावर दव पडत असेल. विटांच्या रकान्यात मी संध्याकाळी आठला शून्य लिहीन, आणि ते शून्य लिहायला मला चौदा तास उभं राहावं लागेल. एखादी चुकार ट्रॉली आली तर एक लिहीन.

हे पत्र वाटेतल्या पेटीत टाकतो, परवा तुझ्याकडं येईल. पेटीतली पत्रं कोण काढतं, ती साताऱ्याला कुठल्या गाडीतून येतात, हे मी अजून कधी बघितलं नाही. बघायला पाहिजे.

पेन्सिलीला टोक काढलंय. पाण्याची बाटली घेतली. काकूंचे मटार संपले, रुमाल धुवून खिशात ठेवलाय, द्यायचाय. सहाला दहा मिनिटं कमी आहेत. दिवा मालवतो, बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो.

वीरधवल